पलीकडच्या धक्क्यावरचा माणूस

कृष्णनाथ फडते माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते मुलाचं बारावं उरकल्यावर. डिचोलीच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. मी मूळचा पेडण्याचा, पण धंदा इथं लागला म्हणून इथंच राहिलो. बाराव्याला ठेवायची तसबीर त्यांच्या मेव्हण्याने माझ्याकडूनच करून नेली होती. त्यामुळे मुलाचा, गौरेशचा चेहरा मला माहीत होता, बापाचा नव्हता.

माणूस काळा, रुंद खांद्यांचा. गोवा राज्य झालं त्या सुमारास ते फेरीबोटीवर खलाशी म्हणून लागले आणि तिथं पूल झाल्यावर दुसऱ्या फेरीवर बदली होऊन तिथूनच निवृत्त झाले. आयुष्यभर दोर फेकायचा, दोर ओढायचा आणि पलीकडच्या काठाकडे बघत उभं राहायचं. बोलायची सवय कमी. त्यांनी नाव सांगून काउंटरवर एक कापडी पिशवी उलटी केली. आतून मुठीत मावेल असा डिजिटल कॅमेरा निघाला, एक काळी नळी निघाली, आणि एक जाड, जड, गोल काच.

"ह्यां कसां लावतत?" त्यांनी विचारलं.

"कोणाचा कॅमेरा, कृष्णनाथबाब?"

"झिलाचो."

गौरेश प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात होता. पहिल्या करारावरून परत येताना कुठल्याशा बंदरात त्याने हा कॅमेरा घेतला होता आणि त्याला लावायची दूरची काचही. परत जायचा दिवस जवळ आला होता. बॅगेची चेन बिघडली होती, ती दुरुस्त करून आणायला तो मोटरसायकलवरून डिचोलीला निघाला. त्या रस्त्यावर तेव्हा खनिजाचे ट्रक एकामागोमाग एक धावायचे. एक ट्रक दुसऱ्याला मागे टाकायला बाहेर आला. गौरेश जागीच गेला.

मी त्यांना काच लावून दाखवली. आधी कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती नळी फिरवायची, मग नळीच्या तोंडावर काच. कॅमेरा चालू केला की पडद्यावर आधी नुसतं काळं वर्तुळ दिसतं, भोकातून बघितल्यासारखं. घाबरायचं नाही. झूम शेवटपर्यंत न्यायचं की ते काळं जातं आणि लांबचं जवळ येतं. वरच्या छोट्या खिडकीतून बघायचं नाही, नळी आड येते, मागच्या पडद्यावरच बघायचं. हातात धरून फोटो काढला तर हलणार, म्हणून खाली काहीतरी टेकू पाहिजे. आणि बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो निघेल असं लावून ठेवायचं, म्हणजे बोटाचा धक्काही लागत नाही.

सगळं त्यांनी मान न हलवता ऐकलं. एकदा स्वतः लावून बघितलं, एकदा काढून बघितलं. समोरच्या कापडाच्या दुकानाच्या पाटीवर नेम धरला. पाटीवरचं अक्षर पडदाभर झालं. ते त्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"कळलां," म्हणाले आणि पिशवी उचलून गेले.

त्यांच्या मेव्हण्याने मला आधीच सांगितलं होतं की हा माणूस मुलाच्या चितेसमोर रडला नाही. दिवसकार्यात रडला नाही. सरस्वतीबायने, त्यांच्या बायकोने, सगळं घर डोक्यावर घेतलं होतं, आणि हे बाहेर पाहुण्यांना बसायला कदेली, खुर्च्या, मांडत होते. भटाला काय लागतं, पाव किती लागतील, पाववाल्या पोदेराला कोणी सांगितलं का, सगळं नीट बघत होते. लोक म्हणाले, अजून बसलेलं नाही, नंतर फुटेल. नंतरही फुटलं नाही.

आमोण्याला त्यांचं घर नदीच्या जवळ आहे. घरामागे खाजन शेती, म्हणजे नदीकाठची खारजमीन, शेतीपलीकडे बांध, आणि बांधात भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायची मानस, म्हणजे लाकडी फळ्यांचं दार. त्या मानशीवर कृष्णनाथबाब जाऊन बसू लागले. भाताच्या तुसाची पिशवी शिवून घेतली होती, ती फळीवर ठेवायची आणि तिच्यावर कॅमेरा. उन्हात पडदा दिसत नाही, म्हणून डोक्यावरून पंचा घ्यायचा. लांबून बघणाऱ्याला वाटे, कोणीतरी फळीवर चादर वाळत घातली आहे.

सुरुवातीला बगळे काढले. खंड्या काढला, तोंडात मासळी धरलेला. पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायका काढल्या. मग बार्जी, खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी. नदीच्या वळणावर खनिज भरायचा धक्का होता. ट्रक तिथं रिकामे होत, बार्जी भरत आणि मुरगावच्या बंदराकडे निघत. मानशीवरून धक्का दिसायचा, पण माणसं मुंग्यांसारखी. अधूनमधून ते कार्ड घेऊन दुकानात येत आणि म्हणत, "ह्ये काढून दी." मी छापून देई. फोटो चांगले नसत. संध्याकाळचे तर सगळे पुसट, त्या काचेने उजेड कमी होतो आणि छोट्या कॅमेऱ्याला ते झेपत नाही. पण चार-सहा सरळ, स्वच्छ निघत.

उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की बगळे बंद झाले आहेत. सगळ्या फोटोंत धक्का. सगळ्या फोटोंत एकच माणूस. अंगात खाकी शर्ट, डोक्याला लाल फडकं, हातात हिरवा बावटा. ट्रक मागे घेताना ड्रायव्हरला इशारा देणारा. एका फोटोत तो शिटी फुंकत होता, एकात पाणी पीत होता, एकात नुसता उभा. त्याच्या पाठीमागे ट्रक इतका जवळ दिसत होता की आता अंगावर येईल.

"ह्या माणसाला तर ट्रक लागेल," मी म्हटलं.

"लांब आसा ट्रक," ते म्हणाले. "फोटोत जवळ दिसता."

ते खरंच होतं. ती काच पुढचं आणि मागचं एकमेकांना चिकटवते.

"कोण हा?"

त्यांनी फोटो एकावर एक नीट लावले. "सखाराम. ती गाडी चलयतालो तो."

कोणती गाडी, ते मी विचारलं नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. एकदा बार्जीचा फोटो त्यांनी पडद्यावर मोठा करून बघितला, तर कडेला हा माणूस दिसला. पोलीस ठाण्यात जबाबाच्या दिवशी त्यांनी त्याला बाकावर बसलेला पाहिला होता. सिंधुदुर्गातला, दोडामार्गाकडचा. जामिनावर सुटल्यावर त्याने गाडी चालवणं सोडलं होतं आणि धक्क्यावर बावटा दाखवायचं काम धरलं होतं. कृष्णनाथबाबांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा नेम धरला. तोच होता. तिसऱ्या दिवशीही.

"राग येता?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. खरोखरच विचार केला, बाजारात एखादी वस्तू घ्यावी की नको असा. "नाय येणा. रडूय येणा नाय. काय्येक येणा नाय. बघीत रवतंय."

मग पाऊस लागला. पावसाळ्यात खाणी बंद, धक्का बंद, ड्रायव्हर आणि मजूर आपापल्या गावी. कृष्णनाथबाब घरात. काचेवर बुरशी धरेल म्हणून मी सांगितलं होतं, तर त्यांनी कॅमेरा आणि काच तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. सरस्वतीबाय तांदूळ काढायला गेली की हाताला काच लागायची. ती काच बाजूला सारून तांदूळ काढायची. घरात तेव्हा बोलणं असं उरलंच नव्हतं. जेवण वाढलं, जेवण झालं, जनेल लावलं, तीच खिडकी सकाळी उघडली, एवढंच.

एका दुपारी कृष्णनाथबाब मागच्या पडवीत झोपले होते. भाच्याने कधीतरी कॅमेरा टीव्हीला जोडायची वायर दाखवून ठेवली होती. सरस्वतीबायने डब्यातून कॅमेरा काढला आणि ती वायर लावली. तिला गौरेशने काढलेले फोटो बघायचे होते, जहाजाचे, समुद्राचे. ते आधी आले. मग बगळे आले. मग हा माणूस. मग पुन्हा हा माणूस. ती बटण दाबत गेली आणि तो येत गेला.

कृष्णनाथबाब उठून आत आले तेव्हा टीव्हीवर सखाराम कपाळाचा घाम पुसत होता.

"हो कोण?" तिने विचारलं.

त्यांनी सांगितलं.

ती ओरडली नाही. रडलीही नाही, आणि गेले कित्येक महिने ती रडल्याशिवाय एक दिवस गेला नव्हता. ती म्हणाली, "त्या माणसाक बघूक तुमका डोळे आसत. माका बघूक नाय?"

हे मला खुद्द कृष्णनाथबाबांनीच सांगितलं. मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात. तर म्हणाले, "काय म्हणतलंय? ती बरोबर बोलली." त्यांना तेही जाणवत होतं ते लांबून, असं ते म्हणाले. नदीपलीकडे कोणी तरी कोणाला तरी बोलत आहे, तसं.

पाऊस संपला. ट्रक पुन्हा सुरू झाले, रस्ता पुन्हा तांबडा झाला. कृष्णनाथबाब मानशीवर जाऊन बसले. पहिले काही दिवस लाल फडकं दिसलं नाही. बावटा दुसऱ्याच कोणाच्या हातात होता. ते रोज गेले. एके सकाळी सखाराम दिसला, दाढी वाढलेली, पहिल्यापेक्षा बारीक. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण त्याची वाट बघत होतो. आपल्याला असं काही करता येतं, याचंच त्यांना नवल वाटलं.

धक्क्यावरच्या लोकांना मात्र आता ते खटकू लागले होते. त्या दिवसांत खाणींविरुद्ध तक्रारी होत होत्या. कोणी फोटो काढतो म्हणजे कोर्टात जाणार, वर्तमानपत्रात देणार. एका दुपारी तिथला मुकादम होडीतून अलीकडे आला आणि बांधावर उभा राहून ओरडू लागला.

"ए, कसले फोटो काडतंस? कोणाचो माणूस तू?"

कृष्णनाथबाब पंचा बाजूला करून बघत राहिले. मुकादमाने कॅमेऱ्याला हात घातला. तेवढ्यात होडीतून दुसरा माणूस उतरून चिखलातून धावत आला. लाल फडकं.

"सोड तेंका," सखाराम मुकादमाला म्हणाला. "तां फोटो काडणां माझ्यासाठी आसा. तुमच्या धक्क्याचां काय नाय."

मुकादम दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग शिवी हासडून होडीकडे गेला.

सखाराम मानशीपाशी उभा राहिला. पायात चप्पल नव्हती, पोटऱ्यांपर्यंत चिखल. इतके महिने पडदाभर बघितलेला चेहरा समोर होता, आणि तो फोटोतल्यापेक्षा लहान होता, असं कृष्णनाथबाब म्हणाले. फार तर तिशीचा.

"तुमी गौरेशचे बापूस मां?"

"होय."

"माका म्हायत होता. गेल्या वर्सापासून. पयले दिसांत वाटला, कोण तरी मासळी गरवूक बसता. मगे एकदा काचेर ऊन चमाकला. मी इचारलंय थंयच्या माणसांका, त्यांनी नाव सांगला. तेच्यानंतर मी फुडे उभो रवतंय."

"फुडे म्हंजे?"

"धक्क्याच्या कडेक. माझी जागा आत आसा, पत्र्याच्या शेडीखाली. पण थंयसून तुमका दिसूचंय नाय. म्हटलंय, बघूंदेत."

आपल्याला तो सापडतो तो आपल्या नेमामुळे, असं कृष्णनाथबाब तोवर समजत होते.

"फोटो कोर्टात देतलात?" सखारामने विचारलं.

"नाय."

"मगे?"

"म्हायत नाय माका."

सखाराम खाली बसला, त्यांच्यापासून थोडा लांब. कोणी न विचारता सांगू लागला. दारू प्यालो नव्हतो. झोप लागली नव्हती. फेऱ्यांची घाई होती, पुढची गाडी हळू चालली होती, तिला मागे टाकायला बाहेर काढली. "तो समोर दिसलो तेव्हा ब्रेक मारलंय. पण माल भरललो. चूक माझीच. वकील सांगता, असा बोलू नको. तुमका म्हणून सांगतंय."

पाणी मानशीखालून आत येत होतं. भरती लागली होती. पलीकडून शिटी वाजली तसा सखाराम उठला. जाताना त्याने हात जोडले नाहीत, माफी मागितली नाही. कृष्णनाथबाबांना ते बरं वाटलं. बरं वाटलं, हा शब्द त्यांचा. इतक्या महिन्यांत तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

घरी जाऊन त्यांनी सरस्वतीबायला सगळं सांगितलं. कुजनात, चुलीपाशी, ती मासळी कापत होती. तिने विळी बाजूला केली नाही, पण हात थांबले. "शेडीखाली जागा आसा त्याका?" तिने विचारलं. "आसा म्हणता," ते म्हणाले. तिने पुन्हा मासळी कापायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ते निघाले तेव्हा ती चपला घालून दारात उभी होती. दोघं खाजनातून एकामागे एक चालत गेली. मानशीवर त्यांनी पिशवी ठेवली, काच लावली, झूम ओढलं आणि पंचा तिच्या डोक्यावरून टाकला. तिने कॅमेरा दोन्ही हातांनी पकडला, त्यामुळे सगळं थरथरू लागलं. नदी, आकाश, बार्ज, काहीच एका जागी राहीना. "खंय आसा? दिसणा नाय," ती म्हणाली. त्यांनी तिचे हात बाजूला केले, कॅमेरा पिशवीवर टेकवला आणि हळूहळू फिरवत धक्क्यावर आणला.

सखाराम कडेला उभा होता. ऊन टळटळीत. त्याने त्या दोघांना बघितलं असणार, कारण तो हलत नव्हता, बावटा खाली धरून सरळ उभा होता, फोटोसाठी उभं करतात तसा.

ती बघत राहिली. पंच्याखाली तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. मग ती म्हणाली, "त्याका सांगा, सावळेत उभो रव म्हणा."

"कसा सांगतलंय हंयसून?"

"सांगा कसाय."

कृष्णनाथबाब उठून उभे राहिले. फेरीबोटीवर असताना काठावरच्या माणसाला मागे हो म्हणून जसा हात करायचे तसा त्यांनी हात केला, आत, आत, मागे हो. सखारामला कळलं नाही. त्यांनी पुन्हा केला. मग तो दोन पावलं मागे गेला, थांबला, वळून बघितलं, आणि शेडीखाली गेला. तिथून तो दिसेना. सरस्वतीबाय डोक्यावरचा पंचा काढून मानशीवर बसली आणि रडली. कृष्णनाथबाब तिच्या शेजारी बसले. त्यांना रडू आलं नाही. पण ते तिथून उठले नाहीत, आणि ती शांत होईपर्यंत तिच्याकडेच बघत होते.

त्यानंतर त्यांनी धक्क्याचे फोटो काढले नाहीत. माझ्याकडे एकदाच आले, सखारामचा एक फोटो मोठा करून घ्यायला. शिटी तोंडात नसलेला, सरळ उभा असलेला. त्याच्या आईकडे त्याचा मोठेपणीचा एकही फोटो नव्हता, असं त्याने पुढे एकदा मानशीवर आल्यावर बोलता बोलता सांगितलं होतं. मी मागचा ट्रक कापून फक्त माणूस ठेवतो म्हटलं. ते म्हणाले, "नको. आसा तसो रवांदे."

खटला लांबला. शेवटच्या तारखेला दोघं डिचोलीच्या कोर्टात गेली. कॉरिडॉरमधल्या बाकावर सरस्वतीबाय बसली. शेजारी एक म्हातारी येऊन बसली, नऊवारी लुगडं, हातात कापडात बांधलेली भाकरी. दोघींनी बसल्या जागी जरा बोलणं केलं, पंखा बंद आहे, पाणी कुठं मिळतं, असं. मग शिपायाने सखारामचं नाव पुकारलं आणि दोघी एकदमच वळल्या. म्हातारीला कळलं. सरस्वतीबायला कळलं, ही त्याची आई. म्हातारी उठायला लागली तर सरस्वतीबाय म्हणाली, "बस गे. खंय उभी रवतलंस?"

आत सखारामने गुन्हा कबूल केला. वकील कपाळाला हात लावून उभा राहिला. काही महिन्यांची कैद झाली. बाहेर येताना तो आईशी बोलला, मग कृष्णनाथबाबांसमोर क्षणभर थांबला. कृष्णनाथबाबांनी मान हलवली. पोलिसाबरोबर तो गेला. सरस्वतीबाय त्या म्हातारीला बस स्टँडपर्यंत सोडायला गेली, कारण तिला दोडामार्गाची बस कुठून सुटते ते माहीत नव्हतं.

सखाराम सुटल्यावर गावी गेला. पुढे खाणीच बंद पडल्या. ट्रक घरोघरच्या अंगणात गंजत उभे राहिले, धक्क्यावर झुडपं वाढली. माझ्या दुकानातही लोक फोटो छापायला येईनासे झाले, सगळं मोबाइलवर. कृष्णनाथबाबांचा कॅमेरा एका पावसाळ्यात बिघडला. दुरुस्त होणार नाही असं मी सांगितलं, त्यांनी मान हलवली.

ते माझ्यासमोर कधी रडले नाहीत. सरस्वतीबाय म्हणते, घरीही नाही. पण आता ती त्यावरून त्यांना काही बोलत नाही. परवा बुधवारच्या बाजारात दोघं दिसली. वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी भाताच्या, शेताच्या कडेला लावायला मिरचीची रोपं घेत होती. ती रोपं निवडत होती, ते ओल्या कागदात गुंडाळलेल्या जुड्या धरून उभे होते.

"कसे आहात, कृष्णनाथबाब?" मी विचारलं.

ते तिच्याकडे बघून म्हणाले, "आमी आसंव."

तिने आणखी एक जुडी त्यांच्या हातात दिली.